बोका घोट्यावर झडप घालतो, कुरवाळता कुरवाळता चावतो, हा खेळ आहे की राग?

अंगणवेल:

मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही. आमचा भुऱ्या बोका आता साधारण आठ महिन्यांचा आहे. सापडला तेव्हा डोळे जेमतेम उघडले होते, आई नाही, भावंडं नाहीत, एकटाच. बाटलीने पाजून वाढवलाय त्यामुळे माणसांचा प्रचंड लळा आहे, दारात वाट बघतो, रात्री पायाशी झोपतो.

पण संध्याकाळ झाली की त्याच्या अंगात काय संचारतं कळत नाही. सोफ्याखाली दबा धरून बसतो आणि बाजूने कोणी गेलं की थेट घोट्यावर झडप, पुढच्या दोन्ही पायांनी आपला पाय घट्ट धरतो, चावतो आणि मागच्या पायांनी लाथा झाडतो. रक्त येतं. दुसरा प्रकार म्हणजे स्वतःहून मांडीवर येतो, कुरवाळून घेतो, घुरघुर चालू असते आणि मधेच वळून हाताला चावून पळून जातो. आणि तिसरं म्हणजे घरात आधीपासून सोनी आहे, नऊ वर्षांची, शांत भाटी, तिच्या मागे हा लागतो, ती फिस्कारते, हल्ली ती कपाटावरून खालीच उतरत नाही.

घरात चार वर्षांची मुलगी आहे म्हणून काळजी जास्त वाटते. एकजण म्हणतो नाकावर टिचकी मार, दुसरा म्हणतो पाणी उडव, तिसरा म्हणतो मोठा झाला की आपोआप सुटेल. नसबंदी अजून झालेली नाही. हा खेळ आहे का राग आहे, का त्याला आम्ही आवडतच नाही? त्याला कुठे देऊन टाका वगैरे कृपया सांगू नका, तो इथेच राहणार आहे, फक्त काय करायचं ते सांगा.

मिशाळ:

दोन-तीन गोष्टी सांगा आधी. घोट्यावर झडप घालतो तेव्हा आवाज करतो का, गुरगुरणं फिस्कारणं वगैरे? कान कसे असतात, पुढे का मागे चिकटलेले? मांडीवर चावायच्या आधी शेपटीकडे लक्ष गेलंय का कधी? आणि दिवसभरात त्याच्याशी कोण, कशाने, किती वेळ खेळतं?

अंगणवेल:

आवाज अजिबात नाही, एकदम गुपचूप येतो. कान पुढेच असतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या काळ्याभोर, झेप घ्यायच्या आधी ढुंगण हलवतो. मांडीवर असताना शेपूट हलत असते हे खरं, मला वाटायचं खूश आहे म्हणून हलवतोय. खेळण्याचं म्हणाल तर चेंडू आहेत, एक कापडी उंदीर आहे, पण तो ढुंकूनही बघत नाही त्यांच्याकडे. लहान होता तेव्हा सगळेच त्याच्याशी हातानेच खेळायचे, पांघरुणाखाली बोटं हलवायची आणि तो धावून यायचा, हा खेळ त्याचा फार आवडता.

तीन_बोके_एक_घर:

अंगणवेल, तुमच्या दुसऱ्या प्रतिसादातच उत्तर आहे बघा. आवाज नाही, कान पुढे, दबा, ढुंगण हलवणं, झेप, पुढच्या पायांनी मिठी, चावा, मागच्या लाथा, ही शिकारीची साखळी आहे, अगदी क्रमाने. रागावलेलं किंवा घाबरलेलं मांजर असं करत नाही, ते आधी इशारे देतं, फिस्कारतं, अंग फुगवतं, कान मागे चपटे करतं, आणि त्याला मुळात तुम्ही लांब जायला हवे असता. तुमच्या भुऱ्याला तुम्ही जवळ यायला हवे आहात. तेव्हा आवडत नाही वगैरे मनातून काढून टाका, घरात हलणारी एकमेव मजेशीर गोष्ट म्हणजे तुमचे पाय आहेत एवढाच त्याचा अर्थ.

आता एवढं जोरात का चावतो, तर तो एकटा वाढला. पिल्लं साधारण चौथ्या आठवड्यापासून भावंडांशी कुस्ती खेळायला लागतात आणि पुढचे दोन-अडीच महिने तो खेळ जोरात चालू असतो. त्यात एकाने जास्त जोरात चावलं की दुसरं ओरडतं, खेळ सोडून निघून जातं, किंवा आई एक फटका देते, आणि किती जोर चालतो हे पिल्लाला असं कळत जातं. म्हणूनच पिल्लू बारा आठवड्यांपर्यंत आई-भावंडांजवळ राहिलं तर बरं असं म्हणतात. भुऱ्याला हा धडा मिळालाच नाही, आणि वर हात म्हणजे खेळणं हे पक्कं झालं. माणसाच्या कातडीवर मांजरासारखी दाट लव नाही, त्यामुळे दुसऱ्या मांजराला जे गुदगुल्यांएवढं वाटेल त्याने आपलं रक्त निघतं हे त्याला कसं कळणार.

पहिली गोष्ट, आजपासून घरातल्या कोणीही हाताने, पायाने, पांघरुणाखालच्या बोटांनी खेळायचं नाही. कोणीही म्हणजे कोणीही. पाचातले चार जण पाळतात आणि एकजण रात्री गुपचूप बोटं हलवतो, असं असेल तर काही उपयोग नाही, उलट कधीतरी मिळणारी मजा मांजर जास्त चिकाटीने शोधतं.

दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, त्याला शिकार द्या. चेंडूकडे बघत नाही कारण पडलेला चेंडू मेलेला आहे, मेलेल्या गोष्टीमागे कोण धावणार. काठी, तिला दोरी आणि टोकाला पीस किंवा कापडाचा तुकडा असं खेळणं घ्या किंवा घरी बनवा, लांब काठीचं, म्हणजे तुमचा हात आणि त्याचे दात यात अंतर राहील. पण ते कसं हलवायचं यात खरी गंमत आहे. बरेच लोक खेळणं मांजराच्या तोंडासमोर नाचवतात, आणि मग म्हणतात हा खेळतच नाही. कुठला उंदीर मांजराच्या तोंडाकडे धावत येतो? शिकार नेहमी लांब पळते. जमिनीवरून सरपटत न्या, सोफ्याच्या कोपऱ्यामागे अर्धं दिसेल असं लपवा, थांबवा, नुसतं टोक थरथरू द्या. तो नुसता टक लावून बसला तरी तो खेळतोच आहे हे लक्षात ठेवा, दबा धरणं हा मांजरासाठी खेळाचा अर्धा भाग आहे, घाई करू नका. मधून मधून पकडू द्या, दातात धरू द्या, लाथा झाडू द्या. शेवटी वेग कमी करत आणा जशी दमलेली शिकार, शेवटचं पकडू द्या आणि लगेच जेवण वाढा. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्यांचा नैसर्गिक क्रम आहे, तो पूर्ण झाला की तुमचा बोका खरंच झोपेल.

दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि त्यातली एक वेळ संध्याकाळच्या धुमाकुळाच्या आधीची. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात चपळ असतात, तो त्यांचा शिकारीचा वेळ, त्यामुळे तुमच्याकडे संध्याकाळीच हे होतंय यात नवल काही नाही. धुमाकूळ सुरू झाल्यावर खेळणं काढायचं नाही, त्याच्या आधी काढायचं, नाहीतर घोटा चावला की काठी बाहेर येते हे गणित त्याच्या डोक्यात बसेल.

खेळाने खरंच फरक पडतो का असं वाटत असेल तर 2021 मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी बाहेर फिरणाऱ्या मांजरांवर अभ्यास केला होता, रोज पाच-दहा मिनिटं मालकाने शिकारीसारखा खेळ घेतला तर मांजरांनी घरी मारून आणलेल्या प्राण्यांची संख्या 25 टक्क्यांनी कमी झाली. एवढ्याशा खेळाने खऱ्या शिकारीची भूक कमी होते, मग घोट्यांची का नाही होणार.

आणि हे विसरू नका, खेळ संपला की दोरीचं खेळणं कपाटात बंद. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, दोरा तोंडात गेला की बाहेर थुंकता येत नाही, गिळला जातो आणि आतडी गोळा होऊन ऑपरेशनची वेळ येते. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसाच घेऊन डॉक्टरकडे जायचं.

रानमांजर:

एवढं सगळं कोण करणार रोज? आमच्याकडे पाण्याचा फवारा ठेवलाय, एकदा उडवला की दोन तास शांत. मानगूट धरून खाली दाबलं तरी समजतं त्यांना, आई पण तसंच करते ना.

मिशाळ:

रानमांजर, पाण्याने तो त्या क्षणी थांबतो हे मान्य आहे, पण तो काय शिकतो ते बघा ना. शिकारीची ऊर्मी तशीच राहते, फक्त तुमच्या हातात बाटली असली की तुम्ही धोकादायक आहात एवढं कळतं, मग बाटली नसताना चावतो, किंवा तुम्हालाच घाबरायला लागतो. आणि घाबरलेल्या मांजराचं चावणं हे खेळातल्या चावण्यापेक्षा कितीतरी वाईट, त्यात जोर आवरलेला नसतो. मानगुटीचं म्हणाल तर आई अगदी लहान पिल्लाला उचलून न्यायला मानगूट धरते, शिक्षा म्हणून नाही. मोठ्या मांजराला तसं धरून दाबलं की ते ताठरून गप्प होतं ते समजलं म्हणून नाही, भीतीने. नाकावर टिचकीचं पण तसंच, कित्येक मांजरांना तो हाताशी खेळण्याचाच पुढचा भाग वाटतो आणि ती दुप्पट जोराने येतात.

अंगणवेल, चावा बसला त्या क्षणी काय करायचं ते सांगतो कारण तिथेच सगळ्यांची गडबड होते. हात किंवा पाय झटक्याने मागे ओढू नका. पळणारी गोष्ट घट्ट धरायची असते हे त्याच्या रक्तात आहे, आणि दातात अडकलेली कातडी ओढली की जखम फाटते. एकदम स्थिर व्हा, जमलं तर हात किंचित त्याच्याच दिशेने ढकला, शिकार कधी तोंडात शिरत नाही त्यामुळे तो गोंधळून पकड सैल करतो. मग काही न बोलता, ओरडता, बघता उठून दुसऱ्या खोलीत जा, दार लावा, एक-दोन मिनिटं. बोक्याला कोंडायचं नाही, तुम्ही जायचं. चावलं की खेळ संपला आणि माणूस नाहीसा झाला, एवढंच त्याच्या डोक्यात जायला हवं, भावंडांनी हेच केलं असतं. सुरुवातीला काही दिवस तो उलट जास्त जोर लावेल कारण जुनी युक्ती चालत नाहीये, तेव्हा धीर सोडू नका, तिथेच बरेच लोक हार मानतात.

सोफ्याची जागा तर तुम्हाला माहितीच आहे, तिथून जायच्या आधी खिशातलं एखादं हलकं खेळणं पुढे फेका, म्हणजे झडप त्याच्यावर पडेल. आणि लाथा झाडायला त्याच्या अंगाएवढी लांब, जाड, कापूस भरलेली उशी द्या, मिठी मारून चावायला त्याला काहीतरी हक्काचं हवं.

पंजाछाप:

मांडीवरच्या चावण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण ती गोष्ट पूर्ण वेगळी आहे आणि तिथे काठी-पिसाचा उपयोग नाही. तो खेळत नाहीये, त्याला पुरे झालंय. शेपूट हलवणं म्हणजे कुत्र्यासारखी खुशी नाही, मांजराची शेपूट फटके मारल्यासारखी हलायला लागली की ते वैतागायला लागलंय. आधी शेपटीचं फक्त टोक हलतं, मग सगळी शेपूट, मग कान बाजूला वळतात, पाठीची कातडी थरथरते, घुरघुर थांबते किंवा ते एकदम तुमच्या हाताकडे बघतं, आणि हे सगळं दुर्लक्षिलं गेलं की शेवटी दात. आपल्याला वाटतं अचानक चावलं, त्याच्या मते त्याने चार वेळा सांगून झालेलं असतं. घुरघुर चालू आहे म्हणजे सगळं छान चाललंय असंही नसतं, दुखत असताना किंवा घाबरल्यावर पण मांजरं घुरघुरतात.

यावर उपाय एकदम सोपा आहे. तीन-चार सेकंद कुरवाळा आणि हात काढून घ्या. त्याला आणखी हवं असेल तर तो स्वतः डोकं पुढे करेल, हाताला गाल घासेल. नाही केलं तर नको आहे, विषय संपला. आणि हात कुठे फिरवताय ते बघा, गाल, हनुवटी, कान आणि डोळ्यांच्या मधली जागा हे बहुतेक मांजरांना आवडतं, तिथे त्यांच्या वासाच्या ग्रंथी असतात. पोट आणि शेपटीच्या मुळाशी बऱ्याच जणांना सहन होत नाही. पाठीवर लोळून पोट दाखवलं म्हणजे पोटाला हात लावा असं आमंत्रण नसतं, तो फक्त विश्वास दाखवतोय, तो विश्वास तसाच ठेवा ना.

तुमच्या मुलीला पण हेच खेळासारखं शिकवता येईल, चार वर्षांची मुलं हे फार पटकन शिकतात. एका हाताने, फक्त गालावर, तीन आकडे मोजायचे आणि थांबायचं. झोपलेल्या, खाणाऱ्या, लिटर बॉक्समधल्या (म्हणजे शी-शूच्या डब्यातल्या) मांजराला हात लावायचा नाही, त्याच्या मागे धावायचं नाही. पण मोठं माणूस खोलीत नसताना दोघांना एकत्र सोडू नका सध्या, मुलांचे चेहरे मांजराच्या उंचीवर असतात.

औषधपेटी:

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, वरचे सल्ले चांगले आहेत, त्यात तब्येतीच्या बाजूचं थोडं घालते.

नसबंदी लांबवू नका. पाच-सहा महिन्यांपासून बोके वयात यायला लागतात, आठ महिने म्हणजे वेळ आली आहे. ऑपरेशनने खेळातलं चावणं थांबणार नाही, तशी अपेक्षा ठेवू नका, पण बोक्यांची आपसातली मारामारी, बाहेर भटकणं आणि भिंतीवर मूत्र उडवणं हे बहुतेकांमध्ये खूप कमी होतं. हार्मोन उतरायला काही आठवडे जातात.

चावऱ्या मांजराची नखं काढून टाका असं कुठे वाचलं तर तो विचारही करू नका. त्यात नख नाही, बोटाचं शेवटचं हाड कापतात, पुष्कळ देशांत त्यावर बंदी आहे, आणि हत्यार गेलं की मांजर उलट जास्त चावतं. दर दोन-तीन आठवड्यांनी फक्त टोकं कापा, आतला गुलाबी भाग सोडून.

भुऱ्याचं सगळं वर्णन तरुण निरोगी बोक्याचं आहे. पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, आयुष्यभर शांत असलेलं मांजर एकदम चावायला लागलं, ठराविक जागी हात लावला की उसळायला लागलं, तर आधी डॉक्टर, मग वळण. दातांचं दुखणं, सांध्यांचं दुखणं, कानातला जंतुसंसर्ग, म्हाताऱ्या मांजरात थायरॉईड वाढणं, अशी कितीतरी कारणं असतात. मांजर दुखणं लपवण्यात फार पटाईत, लंगडणार नाही, रडणार नाही, फक्त उडी मारणं कमी करेल आणि उचललं की चावेल. अंगणवेल, या कारणासाठी सोनीला पण दाखवून घ्या, नऊ वर्षं हे काही तरुण वय नाही, आणि अंग दुखत असताना त्या पोराच्या उड्या तिला किती त्रासाच्या होत असतील.

आणि रक्त येतं म्हणालात म्हणून हे नीट वाचा. मांजराचा चावा दिसायला बारीक असतो पण त्यांचे सुळे सुईसारखे, जंतू खोल जातात आणि वरची कातडी लगेच मिटते. पाश्चुरेला नावाचे जीवाणू बहुतेक निरोगी मांजरांच्या तोंडात असतातच. चावा लागला की वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगलं पंधरा मिनिटं धुवायचं. हाताला, बोटाच्या सांध्यावर खोल चावा असेल तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि कुठलाही चावा सुजायला, ठणकायला, लाल व्हायला लागला तरी, हे बऱ्याचदा चोवीस तासांच्या आतच होतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. जिथे रेबीज आहे तिथे राहत असाल तर घरचं मांजर आहे म्हणून सोडून देऊ नका, त्याची लस चालू आहे का, ते बाहेर जातं का, हे डॉक्टरांना सांगा आणि तुम्हाला लस घ्यायची का ते त्यांना ठरवू द्या. भुऱ्याची लस राहिली असेल तर या आठवड्यात घ्या.

अंगणवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार, शेपटीचं वाचून मी त्याला नीट बघितलं, खरंच टोक आधी हलतं. सोनीबद्दल पण सांगा ना कोणीतरी. आणि एक राहिलं सांगायचं, मधे एकदा तो खिडकीत बसला होता, बाहेर कुठलंतरी परकं मांजर आलं, हा फुगून दुप्पट झाला आणि मी त्याला उचलायला गेले तर किंचाळून माझ्या हातावर आला. ते मात्र खेळासारखं अजिबात नव्हतं. नंतर कितीतरी वेळ सोनीकडे बघून गुरगुरत होता.

तीन_बोके_एक_घर:

बरोबर ओळखलंत, तो खेळ नव्हता. राग बाहेरच्या मांजराचा, काच मधे, तिथे पोचता येत नाही, म्हणून जो सगळ्यात जवळ आहे त्याच्यावर निघतो. अशा वेळी मांजराला हात लावायचाच नाही, समजावायला नाही, उचलायला नाही. खोलीतल्या बाकी सगळ्यांना बाहेर काढा, दिवा घालवा, दार लावा आणि त्याला एकटं सोडा. कितीतरी तास लागू शकतात शांत व्हायला, कधी दुसरा दिवस उजाडतो. आपण होऊन खायला लागला, अंग चाटायला लागला की समजायचं उतरलं. त्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी कागद चिकटवा म्हणजे उजेड येईल पण परका बोका दिसणार नाही. हे असं वारंवार झालं तर घरातल्या दोन मांजरांचं नातं कायमचं बिघडू शकतं, म्हणून कागद आजच लावा.

आता सोनी. मांजरांची कुस्ती आणि भांडण यातला फरक असा की खेळात आवाज नसतो किंवा नावापुरता असतो, नखं आत असतात, कधी हा खाली कधी तो खाली, मधे थांबतात, परत सुरू करतात, आणि संपल्यावर दोघं शेजारी बसू शकतात. भांडणात किंकाळ्या, फिस्कारणं, उडालेले केस, एकजण सतत पाठलाग करतो आणि दुसरा सतत पळतो. 2023 मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या संशोधन-नियतकालिकात एक अभ्यास आला होता, मांजरांच्या 105 जोड्यांचे व्हिडिओ बघून केलेला, त्यातही अंगाला अंग भिडवून कुस्ती म्हणजे बहुतेक खेळ, आणि आवाज काढणं आणि पाठलाग म्हणजे बहुतेक भांडण असं दिसलं, आणि या दोन्हींच्या मधला एक प्रकार पण सापडला जिथे सुरुवात खेळाने होते आणि एकाला नकोसं होतं. तुमच्याकडे हा तिसरा प्रकार आहे असं मला वाटतं. भुऱ्या खेळायला जातोय आणि सोनीला खेळायचं नाहीये. म्हणून त्याला दुष्ट समजू नका, पण सोनी कपाटावरून उतरत नाही हे मात्र फार गंभीरपणे घ्या, ती मुकाट्याने सहन करतेय म्हणजे ठीक आहे असं नाही. कपाटावर बसलेलं मांजर पाणी कमी पितं, लिटर बॉक्सला जाणं टाळतं आणि मग मूत्राशयाचे त्रास सुरू होतात.

तिच्यासाठी एक खोली ठेवा जिथे भुऱ्या येऊ शकत नाही, तिथे तिचं खाणं, पाणी, लिटर बॉक्स, झोपायची जागा. लिटर बॉक्स दोन मांजरांना तीन, आणि तिन्ही एकाच कोपऱ्यात नकोत, नाहीतर तो एका जागी बसून तिन्ही अडवेल. बाकी घरात उंचावर फळ्या लावा, पण चढायला आणि उतरायला वेगवेगळे रस्ते हवेत, एकच रस्ता म्हणजे सापळा. दोघांना एकत्र आणायचं ते भुऱ्याचा खेळ आणि जेवण झाल्यावर, तो पेंगत असताना. तो तिच्याकडे टक लावून बघायला लागला की तिथेच खेळणं टाकून लक्ष तोडा, टक लावणं ही पहिली पायरी असते, झेप घेतल्यावर काही करता येत नाही. भांडण जुंपलंच तर मधे हात घालू नका कितीही वाटलं तरी, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा किंवा उशी मधे सरकवा.

रानमांजर:

अंगणवेल ताई, मी पण काठीचं खेळणं आणलंय, बघतो करून. मिशाळ, तुम्ही म्हणालात तसं बाटली हातात असली की आमची मनी पलंगाखाली जाते हे खरं आहे, ती मी उचलून ठेवलीय. लेझर लाईट चालेल का? बसल्या जागी होतं म्हणून विचारतो.

मिशाळ:

बाटली ठेवलीत ते फार बरं केलंत. लेझर एकट्याने नको, त्यात पकडायला हाताला काहीच लागत नाही, काही मांजरं मग सावल्यांच्या आणि उजेडाच्या ठिपक्यांच्या मागे तासन्‌तास लागतात. वापरायचाच तर शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर नेऊन थांबवा आणि ते पकडू द्या. डोळ्यात कधीच मारायचा नाही. बसल्या जागी हवं असेल तर लांब काठी घेऊन खुर्चीतूनही होतं, आणि कोरडा खाऊ पुठ्ठ्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात टाका, पंजाने काढून खाण्यात त्यांचा बराच वेळ जातो.

अंगणवेल:

काही आठवडे झाले, कसं चाललंय ते सांगते. घोट्यांवरच्या झडपा बऱ्याच कमी झाल्यात, ज्या दिवशी संध्याकाळचा खेळ चुकतो त्या दिवशी मात्र हमखास होतात, म्हणजे कारण तेच होतं. चावतो तेव्हा पण आता दात टेकवून सोडतो, रक्त नाही. नसबंदी झाली, लस झाली. सोनीच्या दातात त्रास निघाला, दोन काढावे लागले, आता ती पूर्वीपेक्षा व्यवस्थित खाते आणि दुपारी खाली येऊन खिडकीत बसते, पण भुऱ्या आला की अजून उठून जाते. माझी मुलगी सगळ्या पाहुण्यांना गालावर तीन आकडे शिकवते.

घरात आता एकच प्रश्न चालू आहे, भुऱ्याला जोडीदार म्हणून अजून एक पिल्लू आणावं का? म्हणजे त्याची कुस्ती त्याच्याशी होईल आणि सोनी सुटेल.

तीन_बोके_एक_घर:

सोनीचं ऐकून बरं वाटलं. पिल्लाचं म्हणाल तर आत्ता नको. तुमचा तर्क चुकीचा नाही, त्याच्याच वयाच्या आणि त्याच्यासारख्याच दांडग्या बोक्याशी त्याचं छान जमेल आणि एकट्या वाढलेल्याला खरा धडा दुसरं मांजरच देऊ शकतं. पण नवीन मांजर म्हणजे सोनीसाठी अजून एक परका वास, ती आत्ता कुठे खाली उतरायला लागलीय. आणि दोघं मिळून तिच्या मागे लागणार नाहीत याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आधी भुऱ्या आणि सोनी एका खोलीत, जेवणाशिवाय, खेळण्याशिवाय, नुसते आपापल्या जागी पडून राहतात हे रोजचं होऊ द्या. तेव्हाही आणावंसं वाटलं तर पुन्हा लिहा, नवीन मांजराला आधी बंद खोलीत ठेवून दाराखालून वासाची ओळख कशी करून द्यायची ते सविस्तर सांगेन, त्याला निदान काही आठवडे हातात हवेत.